दिनविशेष लिहिणाऱ्यांना खुलं पत्र: १४ एप्रिल १९४४ ची अर्धी ओळ

वर्तमानपत्रांत रोज सकाळचं दिनविशेषाचं सदर भरणाऱ्या उपसंपादकांना, शाळेच्या परिपाठासाठी फळा लिहिणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना, स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं तयार करणाऱ्या संकलकांना, आणि पहाटे साडेपाचला उठून गटागटांत 'आजचा दिनविशेष' धाडणाऱ्या सर्व उत्साही मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच. अठ्ठावीस वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि त्यातली निदान वीस वर्षं मुख्य दरवाज्याजवळचा फळा लिहिला. वर सुविचार, डाव्या हाताला पंचांग, उजव्या हाताला दिनविशेष. खडू पांढरा, जन्म आणि मृत्यूच्या खाली रंगीत रेघ. त्यामुळे हे पत्र वरून खाली बोट दाखवणारं नाही. यातली पहिली चूक माझीच आहे.

दरवर्षी १३ एप्रिलला शाळा सुटताना मी दुसऱ्या दिवशीचा फळा लिहून ठेवायची, कारण १४ ला जयंती. सगळ्यात वर ठळक अक्षरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, जन्म १८९१. ते तसंच हवं, त्याबद्दल वाद नाही. त्याखाली टायटॅनिक हिमनगावर आदळली ते १९१२. आणि अगदी तळाशी, खडू संपत आलेला असताना, एक ओळ: '१९४४: मुंबईच्या गोदीत जहाजावर स्फोट, ३०० ठार.' ही ओळ मी कुठून घेतली? आधीच्या बाईंच्या वहीतून. त्यांनी कुठून घेतली? एका पुस्तकातून. पुस्तकानं कुठून घेतली, ते कोणालाच ठाऊक नाही. आजही तीच ओळ, तोच तीनशेचा आकडा, गावोगावच्या फळ्यांवर आणि फोनांवर फिरतो आहे.

आकड्याचंच आधी बोलू. त्या दिवशी किती माणसं गेली याचा एकच पक्का आकडा मिळत नाही. वेगवेगळे हिशेब साधारण आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. गोदीत त्या दिवशी कामावर कोण होतं आणि कोण नव्हतं हे हजेरीबुकावरून कळण्यासारखं नव्हतं, कारण टोळीवर आलेला रोजंदारीचा माणूस कुठल्याच बुकात नसायचा. पण तीनशे हा आकडा नक्कीच तोकडा आहे. एकट्या मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्यासाठी. आमच्या शाळेत दरवर्षी बंब यायचा, मुलांना पाण्याचा फवारा दाखवायचा, मुलं भिजायची, खूश व्हायची. हा सप्ताह १४ तारखेलाच का सुरू होतो, असं एका मुलीनं मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "उन्हाळ्यात आगी जास्त लागतात ना." फळ्यावरची तळाची ओळ माझ्या पाठीमागे तीन फुटांवर होती.

आता ती ओळ उलगडून सांगते.

जहाजाचं नाव फोर्ट स्टिकीन. युद्धाच्या घाईत कॅनडात १९४२ साली बांधलेलं, सात हजार टनांच्या वरचं मालवाहू जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं: तोफगोळे, पाणसुरुंग, टॉर्पेडो. शिवाय विमानं, आणि एका बंद टाकीत सोन्याच्या १२४ विटा, प्रत्येकी साडेबारा किलोच्या आसपास. हे सोनं युद्धाच्या महागाईत डगमगलेल्या रुपयाला टेकू म्हणून येत होतं. कराचीला काही माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, तेलाची पिंपं, लाकूड, गंधक, राळ असलं सगळं भरलं गेलं. कप्तानानं कुरकुर केली, पण युद्धकाळात रिकामी जागा म्हणजे गुन्हा. घरात देवासमोर निरांजन लावताना आपण कापूस आणि तेल शेजारी ठेवतो, ते पेटावं म्हणून. इथं त्यांच्या वर-खाली दारूगोळा होता.

१२ एप्रिलला जहाज मुंबईत व्हिक्टोरिया गोदीच्या एक नंबरच्या धक्क्याला लागलं. स्फोटकांचं जहाज असलं की लाल बावटा लावायचा असतो, म्हणजे आजूबाजूचे सावध राहतात. युद्धाच्या गुप्ततेपायी तो लावलेला नव्हता. १४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला शेजारच्या जहाजांवरच्या काहींना धूर दिसला होता. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. दोनच्या सुमाराला दोन नंबरच्या खणातून धूर निघतोय हे जहाजावरच्यांनीही पाहिलं. मग बंब आले, होड्यांवरचे पंप आले, नऊशे टनांच्या वर पाणी ओतलं गेलं, इतकं की खणातलं पाणी उकळायला लागलं. आग नेमकी कुठं आहे हेच सापडेना. जहाज बाहेर समुद्रात ओढून न्यावं की आहे तिथंच बुडवावं, यावर अधिकारी एकमेकांत बोलत राहिले. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडा असा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट.

बंबवाले तेव्हाही धक्क्यावरच होते. नळ्या हातात धरून.

दुसरा स्फोट चार चौतीसला, पहिल्याहून मोठा. आसपासची डझनभर जहाजं बुडाली किंवा निकामी झाली. शिंदिया कंपनीच्या जलपद्म जहाजाचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावरच्या शेडवर पडला. जहाज, शेडवर! पेटत्या गासड्या आभाळातून मांडवी, मशीद बंदर, चिंचबंदराच्या छपरांवर कोसळल्या. धान्याची गोदामं जळाली, हजारो टन तांदूळ राख झाला. बंगालात नुकतीच माणसं अन्नावाचून मेली होती आणि मुंबईत मे १९४३ पासून रेशन चालू होतं, हे ध्यानात घेतलंत तर त्या राखेचं वजन कळेल. सोन्याची एक वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या छपरातून आत पडली. त्यांनी ती सरकारजमा केली. बाकीच्या विटा गोदीचा गाळ उपसताना पुढं कित्येक वर्षं सापडत राहिल्या.

आणि बातमी? १५ तारखेला जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओनं ती सविस्तर सांगितली. इथल्या वार्ताहरांना तपशील बाहेर धाडायची परवानगी सेन्सॉरनं दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. जी बातमी पहिल्याच महिन्यात दाबली गेली ती फळ्यावर तळाशी का राहिली, याचं उत्तर कदाचित तिथंच आहे.

हे सगळं मला निवृत्तीनंतर कळलं, हे कबूल करायला लाज वाटते. कारण गोदी माझ्या घरातच होती.

माझे आजोबा मशीद बंदरच्या एका धान्याच्या वखारीत मापाडी होते. बिऱ्हाड डोंगरीला, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. त्या दुपारी आजी दाराशी सूप घेऊन रेशनचे तांदूळ निवडत बसली होती. सातवा महिना. तिच्या शब्दांत सांगते, "भुईनं उशी घेतली." कोनाड्यातले देव खाली आले, सूप हातातून उडालं. शेजारची बाई ओरडली, जपानी आले. सगळी चाळ जिन्यानं खाली धावली, त्यात आजी, काखेत माझे वडील, तीन वर्षांचे. रस्त्यावर आल्यावर दुसरा झाला. आजी पुढं सांगायची ते एवढंच, की आभाळातून जळता कापूस पडत होता, सावकाश, सावरीचा पडतो तसा. त्या गर्दीतून ती परळपर्यंत चालत गेली, एका नात्यातल्या गिरणीवाल्याकडे.

आजोबा तिसऱ्या दिवशी आले. डाव्या कानानं त्यांना पुन्हा कधी ऐकू आलं नाही. आणि घरात भात खाली लागला की ते ताटावरून उठून बाहेर जायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं आजोबा नखरेल आहेत.

आठवड्याभरात त्यांनी आजीला गावी धाडलं. दादरहून पुणे, पुण्याला गाडी बदलून लहान रुळांच्या गाडीनं किर्लोस्करवाडी, तिथून बैलगाडी. कुंडलच्या पलीकडचं आमचं गाव. कागदोपत्री तिथं राज्य इंग्रजांचं, जिल्हा सातारा. पण उतरवून घ्यायला आलेल्या मामांनी स्टेशनाबाहेर पडताच सांगितलं, की इथं आता सरकार नाना पाटलांचं आहे.

आता इथं १४ एप्रिलचं दुसरं पान उलटतं, आणि याच्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं.

ज्या दिवशी मुंबईत गोदी उडाली त्याच दिवशी खानदेशात, धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ, सरकारी खजिना घेऊन जाणारी मोटार क्रांतिकारकांनी अडवली आणि सुमारे साडेपाच लाख रुपये काढून घेतले. करणारे मुख्यतः आमच्याकडचे: कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांचे साथीदार, जोडीला खानदेशातले कार्यकर्ते. नाना पाटलांच्या प्रतिसरकारला, लोक म्हणत त्या पत्री सरकारला, पैसा लागत होता. न्यायनिवाडे, तुफान सेना, भूमिगतांची पोटं, सगळं चालवायचं होतं. आमच्या भागात ही हकिकत पोराबाळांना पाठ आहे. पण तारीख? 'चव्वेचाळीस सालात कधीतरी.' गोदीची तारीख मुंबईला पाठ, चिमठाण्याची खानदेशाला आणि कुंडलला थोडीफार, आणि दोन्ही तारखा एकच आहेत हे तुमच्यामाझ्या फळ्यांनी कधी सांगितलंच नाही.

तिसरं पान तर आणखी लांबचं. त्याच १४ एप्रिलला मणिपुरात मोइरांग इथं आझाद हिंद फौजेच्या कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा उभारला. तिथून फार लांब नाही असं सांगशाक, जिथं तीनच आठवड्यांपूर्वी मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी झुंजली होती. म्हणजे कोकण-देशावरची पोरं इंग्रजांच्या बाजूनं, आणि समोर जपान्यांसोबत आझाद हिंदचे शिपाई. यात देशभक्त कोण, असं वर्गात विचारलंत तर अर्धा तास गलका होतो. मी विचारून पाहिलं आहे. तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला अर्धा तास होता, आणि त्या मुलांपुढे तरी मोइरांगची तारीख मी नीट सांगितली होती.

एक दिवस, तीन ठिकाणं. आणि त्या दिवशी ज्यांचा त्रेपन्नावा वाढदिवस होता ते बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, खातं मजुरांचं. जयंतीच्या भाषणांत घटना येते, महाड येतं, यायलाच हवं. पण १९४४ साली १४ एप्रिलला त्यांच्या टेबलावर काय होतं, देशात काय जळत होतं, हे येत नाही. कारण दिनविशेष वर्षाला सोलून तारीख तेवढी ठेवतो. १८९१, १९१२, १९४४, सगळं एका ओळीत, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. भाजीवाली दिवसअखेर उरलेल्या भाज्या एका टोपलीत टाकते, तसं. बाबासाहेबांच्या शेजारी टायटॅनिक कशासाठी? तारीख जुळली म्हणून. मग जिथं तारखेबरोबर सालही जुळतं, तिथं आपण अर्धी ओळ देतो, हे कसं?

एकदा एक साल धरून बसा म्हणजे माझं म्हणणं कळेल. १९४४ च धरा. १६ फेब्रुवारीला नाशकात दादासाहेब फाळके गेले, जवळजवळ विस्मरणात. ज्या माणसानं या देशाला पडद्यावर हलणारं चित्र दिलं तो गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला बॉम्बे टॉकीजच्या एका चित्रपटातून दिलीपकुमार नावाचा नवा पोरगा पडद्यावर आला. २४ नोव्हेंबरला मुंबईत अमोल पालेकर जन्मले. हे तीन दाणे वेगवेगळ्या तारखांच्या पानांवर विखुरलेले राहिले तर नुसती नावं आहेत.

फाळके गेले त्यानंतर सहाव्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. कैदेतच. मुलानं, देवदास गांधींनी, पेनिसिलिन कलकत्त्याहून विमानानं मागवलं होतं. तेव्हा ते औषध म्हणजे लष्कराची मिरास, सामान्य माणसानं नावही ऐकलेलं नव्हतं. गांधीजींनी ते टोचू दिलं नाही, आता तिला यातना नकोत म्हणाले. या एका प्रसंगात युद्ध, विज्ञान, तुरुंग आणि नवरा-बायकोचा बासष्ट वर्षांचा संसार आहे. आपण लिहितो: 'कस्तुरबा गांधी, निधन.' पुढच्या ६ मे रोजी गांधीजी सुटले, तेही त्याच वाड्यातून, तेव्हा आवारात दोन समाध्या मागे राहिल्या होत्या, एक त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांची, एक कस्तुरबांची.

दिनविशेषात सर्वांत सोपी ओळ जन्माची. नाव, काम, साल. २० ऑगस्ट, राजीव गांधी, मुंबई. पण त्याच वेळी त्यांचे आजोबा अहमदनगरच्या किल्ल्यात दोन वर्षांपासून कैदी होते आणि एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत भारताच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ तिथं लिहून होत होता, हे त्या ओळीत बसवायला आठ-दहा शब्द पुरतात. नातू झाल्याची खबर किल्ल्याच्या भिंतीआड पोहोचली तेव्हा आजोबांच्या हातात लेखणी असेल, असं मला आपलं वाटतं. त्यानंतर सहा दिवसांनी, २६ ऑगस्टला, ओतूरला अनिल अवचट. हमाल, विडी कामगार, हळदीच्या गिरणीतली माणसं यांच्यापाशी जाऊन बसणारा हा लेखक ज्या साली जन्मला त्या सालानं मुंबईत हमालांची मोजदादही ठेवली नव्हती. हा योगायोगच, मी त्यातून काही सिद्ध करत नाही. पण फळा लिहिताना असे योगायोग मुलांच्या लक्षात राहतात, हे तुम्हीही जाणता.

संस्थांचे जन्म तर आपण धरतच नाही. १२ मार्च १९४४ ला होमी भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं, मूलभूत संशोधनाची संस्था काढा, पुढं अणुशक्तीतून वीज होईल तेव्हा देशाला बाहेरून माणसं आणावी लागू नयेत. महिन्याभरानं शहराचा एक कोपरा उडाला. पुढच्या वर्षी ती संस्था बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षात या शहरात आली.

आणि माणगावचे यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात. वय बावीस. मशीनगननं त्यांच्या तुकडीतला त्यांच्याखेरीज एकही माणूस धड शिल्लक ठेवला नाही, बाकी सगळे ठार किंवा जखमी. ते एकटे पुढं धावले, बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, काडतुसं बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून तिथंच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. माणगावला त्यांचं स्मारक आहे, मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना हजारो गाड्या तिथून जातात. गणपतीला कोकणात निघालेली किती माणसं तिथं गाडीचा वेग कमी करतात, ठाऊक नाही. दहा जुलैचा फळा मात्र मी कित्येक वर्षं पाहिला आहे, त्यावर ते नसतात.

आता माझ्या आत्याची गोष्ट. हीच खरी तक्रार.

गोदी उडाली तेव्हा आजीच्या पोटात जी होती, ती माझी आत्या. गावी गेल्यावर दीड-पावणेदोन महिन्यांनी झाली. घरात तिचं वय कायम असंच मोजलं गेलं, "गोदी उडली तवा तू पोटात हुतीस." शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी विचारलं, जन्मतारीख? आजोबा म्हणाले, गोदीच्या साली, ज्येष्ठात. गुरुजींनी पोरीकडे पाहिलं, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघ म्हणाले, लागला, आणि रजिस्टरात लिहिलं, १ जून १९४३. महाराष्ट्रात १ जूनला किती माणसं जन्मली आहेत याची तुम्हाला कल्पना असेलच. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात तर काही पानांवर दुसरी तारीखच सापडत नाही. थोरामोठ्यांचे जन्म दिनविशेषात तारीखवार असतात, बाकी सगळे एक जूनचे. गोदी उडाल्याची खूण सांगणारा बाप समोर उभा होता, ती खूण तारखेत कशी बदलायची हे गुरुजींना माहीत नव्हतं, कारण त्यांच्याही फळ्यावर ती ओळ नव्हती. साल सुद्धा चुकलं.

मागच्या वर्षी एका वाचनालयात जुन्या पंचांगांचा गठ्ठा निकालात काढायला ठेवला होता. त्यात शके १८६६ चं पंचांग निघालं, कडेनं वाळवी लागलेलं. आजी सांगायची ते मला आठवत होतं: वडाच्या पुनवेचा दिवस, बायका वडाला गेलेल्या, सुईण वडावरून तशीच धावत आली, कमरेला सुताचा गुंडा खोचलेला. ज्येष्ठाचं पान काढलं, पौर्णिमेवर बोट ठेवलं आणि समोरची इंग्रजी तारीख पाहिली. ६ जून १९४४.

इतिहासाच्या शिक्षिकेला ही तारीख सांगावी लागत नाही. त्याच दिवशी पहाटे दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं होतं की विमानातून उडी घेणाऱ्या शिपायांसाठी चांदणं हवं होतं, आणि भरती-ओहोटीचा मेळ हवा होता, म्हणून पौर्णिमेचे दिवस निवडले. ठरलं होतं ५ तारखेला, वादळामुळे एक दिवस पुढं गेलं. ती पौर्णिमा म्हणजे वटपौर्णिमा, हे मात्र माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. जर्मन, इंग्रज, अमेरिकन ज्या चांदण्यात लढले त्याच चांदण्यात कुंडलच्या पलीकडं सुईण घरी परतली होती.

तर माझी विनंती अशी. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या खाली १९४४ ला निदान चार ओळी द्या. गोदी, चिमठाणं, मोइरांग, तिन्ही शेजारी शेजारी. जहाजाचं नाव लिहा. 'ठार' च्या पुढं तीनशे लिहू नका. ६६ बंबवाल्यांचा उल्लेख करा आणि सप्ताह त्यांचा आहे हे लिहा. महिन्यातून एकदा तारीख बाजूला ठेवून साल घ्या, मुलांना सांगा की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या, त्या साली काय उडालं, काय बुडालं, कुठला रोग आला, कुठला पूर आला. माझ्या शाळेत १९७२ च्या दुष्काळावर हे करून पाहिलं होतं, मुलांनी सुकडीची चव विचारून आणली होती. आणि तिथीवार सांगितलेला जन्म तारखेत बदलायचा असेल तर जुनं पंचांग चाळा, ते धूळ खात कुठंतरी असतं. परीक्षेच्या पुस्तकवाल्यांना एवढंच, की दुसऱ्याच्या पुस्तकातून आकडा उचलण्याआधी एकदा बेरीज तरी करा.

आत्या इथं माझ्याजवळच असते आता. पंचांग तिला दाखवायला घेऊन गेले तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. कागदावर एक जून त्रेचाळीस आहे आणि खरी सहा जून चव्वेचाळीस निघाली, असं सांगितलं. नॉर्मंडीचंही सांगितलं. ते तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजी मी एका वर्सानं आन् पाच दिसानं ल्हान झाले की गं," म्हणाली, आणि टरफलांचं सूप माझ्याकडे सरकवलं.

आपली,
फळ्यावरची एक निवृत्त शिक्षिका